नावाडणीचे ओठ

तिला सगळे ओठबाई म्हणत आणि तिला ते अजिबात आवडत नसे. पण टोपणनाव ज्याला आवडत नाही त्यालाच ते घट्ट चिकटतं. स्टुडिओच्या हजेरीपुस्तकात तिचं खरं नाव होतं, पण मालकांपासून जिना झाडणाऱ्या मावशींपर्यंत कुणाच्याच तोंडी ते नव्हतं. "ओठबाई आल्या का?" "ओठबाईंना विचारा." एकदा तर कुरियरवाल्यानं पाकिटावर तसंच लिहून आणलं. तेव्हा तिचं पित्त असं खवळलं की ते पाकीट तिनं संध्याकाळपर्यंत उघडलंच नाही.

नाव पडलं ते कामामुळे. परभाषेतली कार्टूनं आपल्या भाषेत बोलती करायची, त्यांचे संवाद लिहून द्यायचे, हे तिचं काम. भाषांतर कुणीही करतं, असं ती म्हणायची, आणि म्हणताना भाषांतर करणाऱ्यांकडे मुद्दाम बघायची. खरी गोम पुढेच. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. पडद्यावरच्या सशाचे ओठ जिथे मिटतात तिथे आपल्या वाक्यातही असलंच एखादं अक्षर यायला हवं. आणि त्याचं तोंड उघडं असताना आपण 'बाप रे' म्हणालो, तर तो ससा बोलत नाही, त्याच्या मागे लपून दुसराच कुणी बोलतोय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून ती आवाज पूर्ण बंद करून सिनेमा बघायची. डाव्या हातात छोटा आरसा, उजव्या हातात पेन्सिल. वाक्य आरशात म्हणायचं, आपले ओठ बघायचे, मग सशाचे बघायचे, जमलं नाही की वाक्य खोडायचं. एकेका वाक्याचे नऊ-नऊ खर्डे व्हायचे. खोलीत डोकावणाऱ्याला वाटे, बाई आरशाशी भांडतायत.

बाकीचे लोक हे काम अंदाजपंचे करत. मालकसुद्धा तिला वारंवार सांगायचे, "बाई, लोक ओठ बघत नाहीत. गोष्ट बघतात." बावीस वर्षांत हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की मालकांनी तोंड उघडायच्या आधीच ती मान हलवायची. मान हलवायची आणि पुन्हा आरसा उचलायची.

कारण एक माणूस ओठ बघत होतं. ते माणूस तिच्या घरीच राहायचं.

ताई तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी ताईला मोठा ताप आला, तो उतरला तेव्हा कान घेऊनच उतरला. तोवर बोलणं येत होतं, ते टिकलं, पण आवाज सपाट आणि मोठा झाला, स्वतःचा स्वतःला ऐकू येत नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार. शाळेतल्या एका बाईंनी तिला ओठ वाचायला शिकवलं. ओठ वाचणं म्हणजे काही जादू नव्हे. तीन शब्दांतला एक दिसतो, उरलेले दोन आपले आपण घालायचे. क, ग, ह घशातच राहतात, बाहेर दिसत नाहीत. आणि पाप, बाप, माप हे तिन्ही शब्द ओठांवर हुबेहूब एकच. चौदा वर्षांची असताना ताई एकदा ख्रिस्ती देवळातल्या उपासनेत पहिल्या बाकावर बसली होती. उपदेशक कळवळून सांगत होते, "जो तो आपलं पाप लपवतो!" ताईनं भर उपासनेत तिच्या त्या सपाट आवाजात विचारलं, "बाप का लपवतात?" पुढचा सगळा उपदेश लोकांनी खाली माना घालून, खांदे हलवत ऐकला.

लग्न दोघींनीही केलं नाही. एकीला कुणी विचारलं नाही, दुसरीनं विचारणाऱ्याला उत्तर द्यायला उशीर केला. ताईनं शिंप्याच्या दुकानात चाळीस वर्षं कोटांची काजं केली आणि आता ती घरी बसून बहिणीच्या स्वयंपाकात चुका काढायची. ओठबाई प्रत्येक सिनेमाची डिस्क घरी आणायची. रविवारी दुपारी दोघी सोफ्यावर बसून तो बघायच्या, आणि संपला की ताई सगळी गोष्ट धडाधड सांगायची, वर निकालही द्यायची. "त्या सशाचीच चूक होती. अस्वल बिचारं शेवटपर्यंत खरं बोलत होतं." हे ऐकलं की ओठबाईच्या नऊ-नऊ खर्ड्यांचं सोनं व्हायचं. ओठ जुळले, म्हणून ताईला कळलं. याच्यापलीकडे तिला कुणाची शाबासकी नको होती. स्टुडिओत तिनं हे कधीच कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मालकांनी ताईचा फोटो छापून जाहिरात केली असती, तेवढी ती मालकांना ओळखून होती.

आणि मग ताईच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टरांनी तपासलं, यंत्रांत हनुवटी टेकवायला लावली आणि सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय. समोरचं, अगदी मधलं, तेवढंच पुसट होत जाणार. वर्ष, फार तर दीड वर्ष, मग चेहरे नीट दिसणार नाहीत. ताईनं हे डॉक्टरांच्या ओठांवरून स्वतःच वाचलं. म्हणाली, "म्हणजे बहिरी होते, आता आंधळी पण. एकावर एक फुकट." डॉक्टर कसंनुसं हसले. ओठबाईला हसू आलं नाही. परतताना ती रस्ताभर एकच हिशेब मांडत होती. एक सिनेमा हातावेगळा व्हायला सात-आठ महिने. म्हणजे आत्ता जो हातात आहे तो ताईला ओठांवरून कळणारा शेवटचा.

तो हातात असलेला सिनेमा ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा होता. अनेक देशांतल्या मंडळ्यांनी मिळून जुनी धार्मिक रूपकं घेतली होती आणि घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून बघावीत म्हणून त्यांची कार्टूनं केली होती. ही गोष्ट कुणा पाळकानं तीनेकशे वर्षांपूर्वी लिहिलेली. एक जासूद राजाचं मोहोरबंद पत्र घेऊन निघतो. पत्र कुणासाठी आहे, आत काय आहे, त्याला माहीत नाही. वाटेत जो भेटतो त्याचं नाव म्हणजेच त्याचा स्वभाव. घाई नावाचं एक शहर आहे, भीती नावाची खानावळवाली आहे. शेवटी राजा पत्र उघडतो तर आत एवढंच लिहिलेलं असतं: हे पत्र आणणाऱ्याला आत घ्या. गोष्ट ओठबाईला मनापासून आवडली होती. वैताग होता तो नावांचा.

आपल्या भाषेत गुणांची नावं म्हणजे शेजारणींची नावं. आशा, श्रद्धा, क्षमा, शांती. पडद्यावर क्षमा आली की निम्म्या लोकांना आपली मावशी आठवणार. तरी ते एकवेळ चालेल. पण सिनेमात झुपकेदार मिशांचा एक कोल्हा होता, जासुदाच्या मनात नाही नाही ते भरवणारा. नावं ठरवून द्यायला मंडळीनं नेमलेल्या पाळकसाहेबांच्या कागदावर त्याचं नाव होतं 'शंका'. रेकॉर्डिंगच्या दिवशी जासुदाचा आवाज देणारा नट काचेपलीकडे उभा राहून कळवळून म्हणाला, "धावा! मला शंका गाठतेय! आता मला शंका आवरत नाही!" रेकॉर्डिंगवाले दादा खुर्चीवरून घसरले. नट स्वतः इतका हसला की त्याला खरोखरच बाहेर जाऊन यावं लागलं. अर्धा दिवस फुकट गेला. ओठबाईनं रागारागानं सगळीकडे 'संशय' केलं. पाळकसाहेबांना कारण विचारायचं होतं, पण त्यांना ते सांगणार कोण? दादांनी घसा खाकरून सांगितलं, "मिशा आहेत ना साहेब. पुल्लिंगी पाहिजे."

इथपर्यंत ठीक होतं. पुढे नावाडीण आली आणि गाडं अडलं.

गोष्टीच्या मधोमध एक नदी आहे. जासुदाकडे नावेचे पैसे नाहीत, अंगभर चिखल आहे, मागे कोल्हा आहे. काठावर एक म्हातारी नावाडीण बसलेली. तो विचारतो, तू कोण? तिचा चेहरा पडदाभर येतो. सुरकुत्या, पाण्याचा उजेड आणि ते तोंड. अख्ख्या सिनेमात इतकं मोठं आणि इतकं स्वच्छ तोंड दुसरं नाही. ती एकच शब्द बोलते, आपलं नाव. ओठबाईनं तो तुकडा पहिल्यांदा बघितला तेव्हाच ठरवलं, हा शब्द ताईला थेट त्या तोंडावरून वाचता आला पाहिजे. बाकी काही नाही कळलं तरी चालेल.

मूळ भाषेतल्या नावात ओठ मिटतच नाहीत. तोंड जरा ताणलं जातं, दात दिसतात, संपलं. पाळकसाहेबांच्या कागदावर होतं 'कृपा'. शेवटी प. ओठ मिटलेच पाहिजेत. तिनं आरशात पन्नास वेळा म्हणून बघितलं. मग लिहिलं 'दया'. असं बसलं, जणू त्या म्हातारीच्या आईबापांनी बारशालाच ठेवलेलं नाव.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. वयानं सत्तरीचे, अंगानं किडकिडीत, चाळीस वर्षं उपदेश केलेले गृहस्थ. वाईट माणूस नव्हे, तीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं.

"बाई, इथे दया झालंय."

"मीच केलंय. ओठ मिटत नाहीत तिचे."

"पण ती दया नाही. ती कृपा आहे."

"ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?"

"फरक पडत नाही?" पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, दया म्हणजे गुन्हेगाराला सोडून देणं. कृपा म्हणजे सोडून द्यायचं आणि वर घरी जेवायला बोलवायचं. सगळी गोष्ट त्या एका शब्दावर उभी आहे. ओठांसाठी मी धर्मशास्त्र बदलू?"

त्यांचं बरोबर होतं. ओठबाईही त्याच देवळात लहानाची मोठी झाली होती, तिला ते माहीत होतं, आणि म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचा चुकत असला की निदान ओरडता तरी येतं. ती म्हणाली, "मग धर्मशास्त्रालाच सांगा आरशात बघायला." हे बोलायला नको होतं. पाळकसाहेब चष्मा पुसत बसले.

मालकांना बोलावण्यात आलं. मालक उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, कृपा करा आणि कृपा करा." स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. मग म्हणाले, "अहो, कोण बघतंय ओठ?"

त्या क्षणी तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. माझी बहीण बघते. तिला एकच वर्ष उरलंय. पण बावीस वर्षं जे कुणाला सांगितलं नाही, ते आता असं दोन पुरुषांसमोर, वाद जिंकण्यासाठी वापरायचं? ताईला कळलं असतं तर तिनं सपाट आवाजात अख्खी इमारत डोक्यावर घेतली असती. ओठबाईनं मान हलवली आणि आरसा उचलला.

चार दिवस असे गेले. तिनं चित्र करणाऱ्यांना पत्र पाठवून विचारलं, शेवटी फक्त ओठ मिटवून मिळतील का, पाव सेकंद? उत्तर आलं की एकदा पक्कं झालेलं चित्र आता बदलता येणार नाही. तिनं कृपेसाठी दुसरे शब्द शोधले. एकही बसेना. जो ओठांना बसे तो पाळकसाहेबांना बसत नसे, आणि जो पाळकसाहेबांना बसे तो बोलताना म्हातारी माशासारखी तोंड उघडझाप करायची. घरी ताईनं विचारलं, "तोंड का सुजलंय?" ओठबाई म्हणाली, "काही नाही." ताई म्हणाली, "काही नाही म्हणताना तुझा खालचा ओठ खोटं बोलतो." आणि भाजीत मीठ जास्त झालंय हेही तिनं त्याच दमात सांगितलं.

पाचव्या दिवशी रेकॉर्डिंगवाले दादा चहा ढवळत सहज म्हणाले, "एक सांगू का? पुढच्याच चित्रात ती वल्ह्याकडे वळते ना, आपल्याकडे पाठ करून? तोंड दिसतच नाही. नाव तिथे म्हणू दे की. तोंड दिसतंय तिथे दुसरंच काहीतरी घाला, 'ये ना' वगैरे."

सगळे एकदम खूश झाले. मालकांनी दादांच्या पाठीवर थाप मारली. पाळकसाहेब म्हणाले, "वा! जासूद विचारेल, तू कोण, मला घेशील? ती म्हणेल, ये ना. मग वळून नाव सांगेल. उलट जास्त चांगलं झालं. आधी बोलावणं, मग ओळख." आणि ओठबाईकडे वळून अगदी मनापासून म्हणाले, "बाई, तुमच्या हट्टामुळेच हे सुचलं."

ओठबाईला हा उपाय पहिल्याच दिवशी सुचला होता. चार दिवस तिनं तो दाबून ठेवला होता. पाठमोऱ्या बाईचे ओठ कुणालाच वाचता येत नाहीत. पण आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? तिनं कागदावर 'ये ना' लिहिलं. दोन्ही अक्षरं चपखल बसली. तिला त्या म्हातारीला पाठ फिरवल्याबद्दल एक लगावून द्यावीशी वाटली.

सिनेमा पुरा झाला. शनिवारी मंडळीच्या सभागृहात दोन खेळ ठरले, सकाळी अकराचा आणि दुपारी तीनचा. नाव जाऊ दे, निदान बाकी सगळं तरी ताईला नीट दिसलं पाहिजे, म्हणून ओठबाई नऊ वाजताच ताईला घेऊन हजर झाली. घडीच्या खुर्च्यांच्या रांगा अजून लागत होत्या. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तिनं पकडली आणि त्यावर ताईला बसवलं.

बिल्ला लावलेल्या एक व्यवस्थापक बाई आल्या. "पहिल्या दोन रांगा लहान मुलांसाठी आहेत."

"हिला मागून दिसत नाही."

"मग बाजूला—"

"बाजूनं ओठ दिसत नाहीत!" ओठबाई इतक्या जोरात ओरडली की खुर्च्या लावणारे थांबले. व्यवस्थापक बाईंना काही उमजलं नाही, पण त्या घाबरून निघून गेल्या. पाच मिनिटांनी दुसरे गृहस्थ आले, त्यांनाही तिनं परत पाठवलं. खुर्ची राहिली. आज काहीतरी तिच्या मनासारखं झालं होतं.

तिला ताईच्या शेजारीच बसायचं होतं, पण तेवढ्यात मागून हाका सुरू झाल्या. मालक प्रोजेक्टरजवळ उभे राहून हात हलवत होते. "ओठबाई, इकडे! संवाद तुमचे, तुम्ही पाहुण्यांत बसा." शेजारची खुर्ची तोवर एका गुबगुबीत मुलीनं घेतलीच होती. ओठबाई मागे गेली. तिथून तिला पडदा दिसत होता आणि पडद्याच्या खाली ताईचा पांढरा अंबाडा.

सिनेमा सुरू झाला. मुलं हसत होती तिथे हसली, कोल्हा आला तिथे ओरडली. ताई मात्र एका जागी बसेना. दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघायची. ओठबाई हातानं खुणा करायची, पुढे बघ, पुढे! ताई क्षणभर पुढे बघायची आणि पुन्हा मागे वळायची. अंधारात तिची मान इकडून तिकडे कुणाला तरी शोधत होती. एवढी भांडून मिळवलेली खुर्ची, एवढा मोठा पडदा, आणि ही बाई मागे कसली बघते? नदी आली. नावाडणीचा चेहरा पडदाभर आला, 'ये ना' म्हणाला आणि वळला. ताई त्या वेळीही मागेच बघत होती. सभागृहात आवाज घुमला, "कृपा." पाळकसाहेबांनी डोळे पुसले. ओठबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

खेळ संपला. टाळ्या झाल्या, लोक जेवायला बाहेर पडले. पहिल्या रांगेत ताई एकटीच हाताची घडी घालून बसली होती. ओठबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पुढे का बघत नव्हतीस?"

"काही कळलं नाही," ताई म्हणाली.

"काहीच?"

"एक माणूस चिठ्ठी घेऊन फिरतो. उघडून बघत नाही, बावळट. शेवटी त्याला वाड्यात घेतात. एवढं तर मांजरालाही कळेल."

"आणि त्यांचे ओठ? एवढे मोठे ओठ दिसले नाहीत तुला?"

"कुणाचे?"

"पडद्यावरच्यांचे! अजून कुणाचे?"

ताईनं तिच्याकडे असं बघितलं जणू तिचं डोकं फिरलंय. "त्या बाहुल्यांचे? बाहुल्यांचे ओठ कोण वाचतं? नुसते उघडतात नि मिटतात, कोंबडीसारखे."

"मग इतकी वर्षं? ससा? अस्वल? सगळी गोष्ट सांगायचीस ती?"

"ती तुझ्यावरून. तू बोलतेस की सगळं. सिनेमा लागला की तुझं तोंड चालू. सशाचं बोलतेस, अस्वलाचं बोलतेस, त्या इंजिनाची शिट्टीसुद्धा वाजवतेस ओठांनी. म्हणून तर मी सोफ्यावर तिरकी बसते. आज तू मागे जाऊन बसलीस. मी काय तुझ्या खुर्चीचं तोंड वाचू?"

ओठबाई शेजारच्या खुर्चीवर बसली. आपण तोंड हलवतो, हे तिला आज, या वयात, कळत होतं. बावीस वर्षं. आरसे फुटले तेवढे नवे आणले, पेन्सिलींचे तुकडे झाले, लोकांशी भांडणं झाली, ओठबाई हे नाव पडलं, एका सज्जन म्हाताऱ्या पाळकाचा अपमान झाला, आणि ज्या माणसासाठी हे सगळं केलं त्यानं पडद्यावरच्या ओठांकडे एकदाही बघितलं नव्हतं. तिला रडूही येईना, इतका राग आला.

"आधी सांगायचं नाही?" ती ओरडली. ओरडून उपयोग नव्हता, पण ओरडली.

"त्यात सांगायचं काय? मला वाटलं तू माझ्यासाठीच करतेस. मुद्दाम."

ओठबाईनं हातानं स्वतःचं तोंड झाकलं, ताईला काही वाचता येऊ नये म्हणून.

ताईच म्हणाली, "ती होडीवाली मात्र चांगली होती. त्याची आत्या ना ती?"

"आत्या?"

"पैसे घेतले नाहीत ना तिनं. एवढा चिखलात लोळलेला माणूस, तरी होडीत घेतला. म्हणजे नात्यातलीच असणार. परकं माणूस कशाला घेईल?"

तीनच्या खेळाला सभागृह पुन्हा भरलं. ओठबाईनं मुलांसाठी ठेवलेलं एक बुटकं स्टूल उचललं, ताईच्या गुडघ्यांसमोर मांडलं आणि पडद्याकडे पाठ करून त्यावर बसली. बिल्लेवाल्या बाई लगबगीनं आल्या.

"अहो, पडदा तिकडे आहे."

"माहीत आहे मला," ओठबाई म्हणाली. "बसू द्या."

मालकांनी प्रोजेक्टरजवळून हाका मारल्या, तिनं तिकडे बघितलंही नाही. दिवे गेले. सिनेमा तिला तोंडपाठ होता, पाठीमागच्या आवाजावरून कुठे काय चाललंय ते कळत होतं. पडद्याचा उजेड ताईच्या चेहऱ्यावर पडत होता, आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर उजेड कमी पडत होता, म्हणून ती अजून पुढे सरकली. इतकी की दोघींचे गुडघे एकमेकांना टेकले. मुटकुळं करून बसल्यानं पाठ भरून आली. मागच्या रांगेतली मुलं खुदुखुदू हसत होती, त्यांचाही तिला राग येत होता. राग काही एका दुपारीत जात नाही. पण ती जासुदाचं बोलली, भीतीचं बोलली, कोल्ह्याच्या मिशासुद्धा वरच्या ओठानं हलवून दाखवल्या. ताईचे डोळे तिच्या तोंडावरून हलत नव्हते.

नदीचा आवाज आला. जासूद म्हणाला, तू कोण, मला घेशील? ओठबाई म्हणाली, "ये ना." पाठीमागे नावाडीण वल्ह्याकडे वळली असणार. भर सभागृहात आवाज आला, "कृपा." ओठबाईचे ओठ क्षणभर थांबले. कुठेतरी मागे पाळकसाहेब बसले होते. अंधारात, ताईच्या आडून, त्यांना तिचं तोंड दिसत नव्हतं.

"आत्या," ती ओठांनी म्हणाली.

ताईनं मान डोलावली आणि आपल्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "मग? मी सांगितलं नव्हतं?" पहिल्या तिन्ही रांगा दोघींकडे बघायला लागल्या. ओठबाईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. होडी अजून मध्यावर होती आणि पुढचं वाक्य तिचं होतं.